सावंत मॅडमचा मवाली

सावंत मॅडम लिफ्टमध्ये उलट्या शिरतात. आपण सगळे तोंड पुढं करून आत जातो नि मग वळतो. मॅडम बाहेरच वळतात, जिन्याकडं एक नजर टाकतात नि पाठीनं आत येतात. म्हणजे पाठ भिंतीला नि डोळे दाराला. आत कोणी आधीपासून उभा असला तर त्याच्या पायावर त्यांची टाच पडते. एकदा मी म्हणलं, मॅडम, मवाली आधीच आत असला तर? तर म्हणाल्या, "मग त्याचा पाय गेला."

शाळेत खेळाच्या बाई होत्या. त्या रिटायर झाल्या, गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नाही. हळदीकुंकवाला शिट्टी, गणपतीच्या आरतीला शिट्टी. माझी बायको कुसुम गेली, तिला न्यायला गाडी आली त्या दिवशीसुद्धा शिट्टी गळ्यात होतीच. खाली कुणीतरी मोटार आडवी लावून ठेवली होती. सगळे हळू आवाजात मालकाला शोधत होते. मॅडमनी एक शिट्टी मारली, अख्खी सोसायटी खिडकीत आली, मोटार हलली.

राहायला समोरच. इतक्या वर्षांचा शेजार, पण बेल वाजवली की आतून विचारणार, "नाव?"

"शिंदे."

"काम?"

"विरजण पायजे."

"कोणी पाठवलं?"

अहो, कुसुमनं पाठवलं, ती काय आमच्या दारात उभी आहे, दिसतीय तुमच्या दाराच्या भोकातनं. मग साखळी निघायची. कुसुम पदर तोंडाला लावून हसत असायची.

माझं सांगायचं तर मी माथाडी. वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याची पोती उचलण्यात जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. मिशा मोठ्या, आवाज मोठा. कुसुम गेल्यावर तो आवाज कुठं काढायचा हे कळंना. डबा लावला होता. रोज भाजी वेगळी, रंग एकच. टीव्ही चालू ठेवायचा, आवाज बंद करायचा नि समोर बसायचं. लोक येऊन धीर धरा म्हणून जायचे. धीर काय बसच्या दांडीसारखा वर लटकतोय काय, धरायला? मला त्या लोकांचा राग यायचा.

मॅडम धीर द्यायला आल्याच नाहीत. एका सकाळी बेल वाजवून म्हणाल्या, "शिंदे, आज दाढी करू नका. तुमच्या तोंडाचं काम आहे."

खारघरात आमच्या घरापासून रिक्षानं जवळच एक मोठी युनिव्हर्सिटी आहे. तिथं मॅडम पोरापोरींना सुरक्षेचं शिक्षण देतात. छेडछाड, मारामारी, पाठलाग, असलं काही घडलं तर स्वतः काय करायचं नि बाजूला उभ्या असणाऱ्यानं काय करायचं. हे त्या नाटक करून शिकवतात. नाटकाला मवाली लागतो. आधीचा मवाली तिथलाच एक विद्यार्थी होता, त्याला परीक्षा आली. म्हणून मी.

पहिल्या दिवशी दोन बाकं लावून बसस्टॉप केला. एक पोरगी उभी केली. मी तिच्या अंगाला खेटून उभं राहायचं होतं. मी गेलो नि म्हणलं, "बाळा, जरा सरकतेस का?"

शिट्टी वाजली. "शिंदे, तुम्ही मवाली आहात, भजनी मंडळ नाही."

हळूहळू जमलं. पण पुढं काय करायचं ते पोरांना जमंना. एक पोरगा बाह्या सरसावून माझी कॉलर धरायला आला. शिट्टी. "हिरो, बाहेर. तू मार खाणार आणि ती तिथंच राहणार." दुसऱ्यानं मला भाषण दिलं, की काका, तुमच्या घरी आया-बहिणी नाहीत का. शिट्टी. "मवाल्याशी बोलायचंच नाही. मवाली म्हणजे खांब. तुमचं काम मुलीशी."

मग मॅडम स्वतः करून दाखवायच्या. सरळ त्या पोरीकडं जायचं, जुनी ओळख असल्यासारखं तिचा हात धरायचा नि मोठ्यानं म्हणायचं, "अगं बाई, तू हितं काय करतीस? घरी सगळी जेवायला थांबल्यात. चल." आणि घेऊन जायचं. मवाली खांबासारखा उभा. मारामारी नाही, काही नाही.

हेच वाक्य. शब्द बदलायचा नाही. एरवी कुणी 'मी जेवली' म्हणालं तर रस्त्यात थांबवून सुधारणाऱ्या मॅडम, पण हे वाक्य मात्र आमच्या साताऱ्याकडच्या बोलीत म्हणायच्या. मला वाटायचं, माझी टिंगल चाललीय. बिहारची पोरं म्हणायची, केरळची पोरं म्हणायची. एक धिप्पाड सरदार पोरगा लाजत लाजत 'सगळी जेवायला थांबल्यात' म्हणाला तेव्हा मी मवाली असून हसलो. त्याचीही शिट्टी खाल्ली.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की टीव्ही लावायचा राहिला.

मग तिथं एक नवी अधिकारीण आली. पोरगी हुशार, बोलायला गोड, लॅपटॉपशिवाय हलत नव्हती. तिनं मॅडमना सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून एक व्हिडिओ असेल, मुलं मोबाईलवर बघतील, शेवटी प्रश्नांची उत्तरं देतील. नाटकसुद्धा ठेवू, पण ते वाक्य काढू. दुपारी तीन वाजता कोण जेवायला थांबतं? आणि इथं देशभरातली मुलं आहेत, तर 'तुम्ही ठीक आहात का' असं साधं काहीतरी ठेवू. शुक्रवारी मी स्वतः बसून बघते नि ठरवते.

मला तिचं म्हणणं वावगं वाटलं नाही. पण मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "व्हिडिओ करा, शिट्टी काढून घ्या, पाहिजे तर मलाही काढा. ते वाक्य राहील."

रिक्षात मी म्हणलं, एका वाक्यासाठी एवढं काय अडलंय, दुसरं घ्या की. तर माझ्याशी बोलणं बंद. विरजणाला गेलो तर 'नाव?' पण विचारलं नाही. नुसती वाटी बाहेर आली.

शुक्रवारी आम्ही गेटपाशी उतरलो. मॅडम दोन पावलं चालल्या नि थांबल्या. म्हणाल्या, मी आत येत नाही. ते वाक्य काढताना मला बघायचं नाही. मी म्हणलं, अहो, असं कसं, चला. त्या हलेनात. माझा आवाज मार्केटातला, तो चढला. त्यांची पिशवी धरून मी ओढलीसुद्धा. दाढी वाढलेली, मिशा तशा, नि समोर पांढऱ्या केसांची बाई पिशवी सोडत नाही. कुणी बघितलं तर काय दिसणार?

तेवढ्यात तीन पोरी आल्या. पहिल्या वर्षाच्या, मॅडमचा वर्ग अजून व्हायचा होता. त्या ना मला ओळखत होत्या ना मॅडमना. त्यातल्या चष्मेवालीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ मॅडमचा हात धरला नि तोडक्या मराठीत मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, तू हितं काय करतीस? घरी सगळी जेवायला थांबल्यात. चल."

सत्तरीच्या बाईला अगंतुगं. पण शब्द न शब्द बरोबर.

आणि मॅडम गेल्या. ज्या बाईनं लिफ्टमध्ये माझी नखं फोडली ती बाई लहान पोरीसारखी हात धरून त्यांच्याबरोबर गेली. मी खांब. गेटवरचा वॉचमन माझ्याकडं बघायला लागला. बरं झालं, ती लॅपटॉपवाली अधिकारीण मागं उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. वॉचमनला म्हणाली, "राहू दे, हे आपले मवाली आहेत."

आम्ही दोघं कँटीनमध्ये गेलो. पोरींनी मॅडमना खुर्चीवर बसवून पुढं राईसप्लेट ठेवली होती. जेवायला बोलावलं म्हणजे वाढायला नको का, असा त्यांचा हिशेब. अधिकारिणीनं विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? चष्मेवाली म्हणाली, "होस्टेलमध्ये सगळेच म्हणतात. सीनियर्सनी शिकवलं."

अधिकारिणीनं लॅपटॉप मिटला. म्हणाली, "मॅडम, राहू दे वाक्य. व्हिडिओतही घालू."

मॅडमनी मान हलवली. डोळे पुसले नि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शिंदे, ते वाक्य माझं नाही. कुसुमवहिनींचं आहे."

मला काही कळंना. मग मॅडमनी सांगितलं.

खारघर नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मॅडम नुकत्याच इथल्या शाळेत लागल्या होत्या, ओळखीचं कुणी नव्हतं. बसस्टॉपवर एक माणूस त्यांना सतावत होता. लोक घड्याळं बघत होते. एक भाजीची पिशवीवाली बाई आली, हात धरला, हेच वाक्य म्हणाली नि घरी घेऊन गेली. नुसती नेली नाही, जेवायला वाढलं.

मला तो दिवस आठवला. मी आंघोळ करून ताटावर बसलो होतो, कुसुम एका अनोळखी बाईला घेऊन आली नि मला म्हणाली, सरका जरा. माझ्या ताटातली भाकरी तिच्या ताटात गेली. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, ओळखीची आहे. पुढं वर्षभरात समोरची जागा रिकामी झाली नि ती बाई तिथं राहायला आली. मी समजत होतो माहेरची ओळख असेल.

"तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "आमचे हे पोती उचलायचा आकडा घेऊन बसस्टॉपवर जातील म्हणाल्या."

गेलोच असतो.

"मवाली काय, कोणीही झालं असतं. तुम्ही घरात आवाज बंद करून बसला होतात. म्हटलं, तिथं तरी वहिनींचं बोलणं कानावर पडेल."

राईसप्लेटमधला पापड मी उचलला नि खाल्ला. मॅडमनी शिट्टी मारली नाही.

त्या दिवशी डबेवाल्याला नको म्हणून सांगितलं. कुसुमचा तवा काढला. पिठलं बरं झालं, भाकऱ्यांना आकार आला नाही, पण भाजल्या गेल्या. दोन ताटं घेतली. समोर जाऊन बेल वाजवली.

"नाव?"

"शिंदे."

"काम?"

"काही नाही. जेवायला थांबलोय."

साखळी निघाली.