जगदाळे साहेबांचा किलो

जगदाळे साहेबांसमोर 'जरा' आणि 'थोडं' हे दोन शब्द उच्चारायची सोय नाही. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको म्हणाली, "साहेब, जरा बसा, चहा टाकते." साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "जरा म्हणजे किती? एकक सांगा." बायको गोंधळून म्हणाली, "दोन मिनिटं." साहेबांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. चहा आल्यावर त्यांनी ते बंद केलं, आकडा काही वाचून दाखवला नाही, पण माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की आमच्या घराण्याच्या शब्दावर कुणी मुलगी दिलीच कशी. बायको अजून त्यांना आल्याआल्या चहाच देते, बोलत नाही.

साहेब वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. मूळचे माण तालुक्यातले, पण कोरेगावपासून आटपाडीपर्यंत सगळ्या बाजारांत त्यांचा दरारा. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोरेगावात आमच्या शेजारी घर बांधलं. पहिला गवंडी "सूतभर इकडंतिकडं चालतंय की" म्हणाला आणि त्याच दिवशी कामावरून गेला. दुसरा टिकला, पण तो बोलतच नसे. घर मात्र असं झालंय की भूकंप झाला तरी पडायच्या आधी परवानगी घेईल.

"मीटर, किलो, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला. सात सख्खी भावंडं, सर. जगातलं बाकीचं सगळं मोजमाप म्हणजे यांचीच पोरंबाळं." हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एस.टी.ची वाट बघताना ऐकलंय आणि एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात, माझा ताप मोजला जात असताना ऐकलंय. मी शाळेत मराठी शिकवायचो. माझं सगळं आयुष्य अंदाजपंचे गेलं, त्यामुळे असा नेमका माणूस शेजारी मिळाला याचं मला कौतुकच वाटतं.

सातांत त्यांचा लाडका किलो. पॅरिसजवळच्या एका तिजोरीत, तीन किल्ल्यांच्या कुलपात ठेवलेला धातूचा एक लहानसा ठोकळा म्हणजे साऱ्या जगाचा किलो, असं शंभराहून जास्त वर्षं चाललं होतं. मग जगभरच्या शास्त्रज्ञांनी ठरवलं की आता किलो कुठल्या वस्तूवर नाही, निसर्गातल्या न बदलणाऱ्या आकड्यावर बांधायचा. तो नियम लागू झाला त्या दिवशी साहेबांनी गल्लीत पेढे वाटले. मी विचारलं, "नात झाली का?" तर म्हणाले, "किलो सुटला, सर! आता तिजोरी जळाली तरी किलो ऱ्हाणार." पेढे अर्थातच घरटी सारख्या वजनाचे होते. आमच्या वाट्याला एक पेढा अर्धा तोडून आला होता.

नोकरीत त्यांनी कुणा दुकानदाराचा चहा घेतला नाही. हौसाबाई नावाची भाजीवाली अर्ध्या किलोच्या जागी एक दगड वापरायची. साहेबांनी तो तोलून बघितला तर अर्ध्या किलोहून जड निघाला. बाई वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला जास्तच माल देत होती. तरी साहेबांनी दगड जप्त केला. "खोटं माप ते खोटं, मग कुणाचा का फायदा हुईना," असं म्हणाले. दगड सासूच्या वेळचा होता. हौसाबाईने भर बाजारात त्यांचा उद्धार केला आणि साहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

आता एक गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. भाजी तोलून झाली, तागडी सरळ झाली, की आपण म्हणतो, "वर घाला की थोडं." मग बाई कुरकुरत चार मिरच्या नाहीतर कोथिंबिरीच्या काड्या पिशवीत टाकते. ही रीत ज्याला माहीत नाही असा माणूस आख्ख्या जिल्ह्यात एकच होता. त्याच्यासमोर तागडीत एक देठ जास्त टाकायचीही कुणा बाईची छाती नव्हती.

साहेबांच्या पत्नी, सुमनवहिनी, बाजार करायच्या. त्यांनी आणलेली भाजी साहेब घरी पितळी तराजूत पुन्हा तोलायचे. एका पारड्यात स्वतःचं किलोचं वजन, दुसऱ्यात वांगी-मिरच्या. भाजीचं पारडं दरवेळी खाली. साहेब बेचैन व्हायचे. बाजारात जाऊन भाजीवाल्यांची वजनं तपासून यायचे, तर ती चोख. "माप बरोबर आन माल जास्त! असं हुईलच कसं, सर?" ते मला विचारायचे. मागे वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या. सगळ्या गल्लीला उत्तर माहीत होतं, पण वहिनींनी सगळ्यांना दटावून ठेवलं होतं. "सांगू नका हं. तेवढीच माझी कायद्याबाहेरची कमाई हाय."

मागच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. साहेबांना रडताना कुणी पाहिलं नाही. ते स्वतः बाजाराला जाऊ लागले, इतकंच.

एका सकाळी ते पिशवी आणि तराजू घेऊन माझ्या ओट्यावर आले. एक किलो वांगी पारड्यात टाकली. काटा मधोमध उभा.

"बरोबर आहे की, साहेब."

"बरोबर हाय, हेच तर. ती हुती तवा कवाच बरोबर येत न्हवतं. ती गेल्यापास्नं किलो किलोच भरतोय. ह्यातलं काय गेलं, सर?"

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी पारड्यातलं एक वांगं उचललं, पुन्हा ठेवलं.

"मग मला का देत न्हाईत?"

"मागावं लागतं."

"शिकवा," साहेब म्हणाले.

ओट्यावर तालीम सुरू झाली. साहेब म्हणाले, "बाई, वर साधारण वीस ग्रॅम..." मी म्हटलं, "ग्रॅम नाही. 'थोडं' म्हणायचं." साहेबांनी ओठ हलवले, पण शब्द काही बाहेर पडेना. शेवटी चिडून म्हणाले, "ह्याला एकक न्हाई, सर!" मी म्हटलं, "नाहीच."

पुढच्या बाजाराला मी सोबत गेलो. साहेब नेमके हौसाबाईपुढेच उभे राहिले आणि एक किलो वांगी मागितली. तिने बिचारीने एक वांगं काढ, दुसरं घाल, असं करत तागडी सरळ केली. साहेब घसा खाकरून म्हणाले, "हौसाबाई, वर... थोडं घाला की."

आसपासच्या बायकांनी तोलायचं सोडून माना वळवल्या.

"आवं साहेब, एकदा दगुड न्हेलाय तुमी माजा. आता तागडी न्हेता व्हय?"

"मी रिटायर झालोय."

"तरी बी न्हाई."

साहेब पिशवी उघडी धरून तसेच उभे. मग हळूच म्हणाले, "सुमनला घालत हुता न्हवं?"

हौसाबाईने तागडी खाली ठेवली. "बाईंला व्हय. लय ग्वाड माणूस. म्हणायच्या, हौसा, मूठभर घाल, आमचं साहेब घरी तोलत्यात आन कोड्यात पडत्यात, मला लय हसू येतं." बोलता बोलता तिने मूठभर मिरच्या पिशवीत टाकल्या. मग साहेबांच्या तोंडाकडे बघून कोथिंबिरीची आख्खी जुडी वर टाकली.

घरी येऊन साहेबांनी तराजू मांडला. एकीकडे किलो, दुसरीकडे पिशवी रिकामी केली. भाजीचं पारडं खट्कन खाली बसलं. सवयीने त्यांचा हात बारीक वजनांच्या डबीकडे गेला. झाकण उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

मला तशातही खोडी काढायची हुक्की आली. "किती जास्त भरलं, साहेब?"

"थोडं," ते म्हणाले.