जिन्याने उतरलेल्या खुन्याची विभागीय चौकशी

लिफ्ट तपासणी कार्यालयात कोणीही काही वाचत नाही, ही गंभीर बाब नवे साहेब रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांच्या निदर्शनास आली. साहेब नुकतेच एका प्रशिक्षणाहून परतले होते. प्रशिक्षणाहून परतलेला माणूस नव्या चपला घेतलेल्या माणसासारखा असतो. त्याला कुठे ना कुठे चालून दाखवावंच लागतं. त्यांनी परिपत्रक काढलं: यापुढे दर सोमवारच्या बैठकीत प्रत्येक कर्मचाऱ्याने आपण सध्या कोणते पुस्तक वाचत आहोत व त्यापासून कितपत आनंद मिळत आहे, हे सर्वांसमक्ष सांगावे. आनंद मिळत नसल्यास लेखी खुलासा सादर करावा.

कार्यालयात धावपळ उडाली. लेखापालांनी घरी फोन करून मुलीच्या कपाटात काय काय आहे ते विचारून घेतलं. टायपिस्ट बाईंनी शेजारणीकडून एक जाडजूड ग्रंथ आणला आणि जुना वाटावा म्हणून त्याची पानं बोटांनी चुरगाळत बसल्या.

निश्चिंत होते ते एकटे नाना. नाना वरिष्ठ कारकून. परवान्यांच्या नूतनीकरणाचे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे आणि बरेच दिवस तिथेच राहायचे. पण जेवणाच्या सुट्टीत नाना पाण्याच्या तांब्याला पुस्तक टेकवून रोज वाचत. वाचत ते फक्त रहस्यकथा. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या दिवसाचा भाग ते बायकोला सांगत, आणि ती हातातलं काम टाकून ऐके. सध्या चालू होती ‘खुनी जिन्याने उतरला’. सातव्या मजल्यावर घड्याळांच्या व्यापाऱ्याचा खून झाला होता, गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं होतं आणि शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. नानांचा संशय त्या व्यापाऱ्याच्या व्याह्यांवर होता. बायकोचा डॉक्टरवर. यावरून घरात दोन वेळा अबोला झाला होता.

सोमवार उजाडला. साहेबांनी स्वतःपासून सुरुवात केली. ते ‘मौनाची व्याप्ती’ वाचत होते आणि आनंद अवर्णनीय होता, म्हणून त्यांनी त्याचं वर्णन केलं नाही. योगायोग असा, की लेखापालही ‘मौनाची व्याप्ती’च वाचत होते. टायपिस्ट बाईंनी हातातला शेजारणीचा ग्रंथ गुपचूप खुर्चीखाली सारला आणि त्याही तेच वाचत असल्याचं सांगितलं. अशी व्याप्ती वाढत वाढत नानांपर्यंत पोहोचली. नाना उभे राहिले आणि खरं ते सांगून मोकळे झाले. वर आनंद इतका होतो की जेवणात मीठ नसलं तरी कळत नाही, असंही म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला.

“जिन्याने का उतरला?”

“लिफ्ट बंद होती, साहेब.”

“का बंद होती?”

“ते लिहिलेलं नाही. बंद होती एवढंच आहे.”

“इमारत सात मजली. लिफ्ट बंद. आणि ही गोष्ट आपल्या कार्यालयाला एका कादंबरीतून कळते?” साहेबांचा आवाज खाली आला, म्हणजे प्रकरण वर जाणार हे सगळ्यांनी ओळखलं.

प्रकरण गेलंच. सदर लिफ्टची तपासणी शेवटची कधी झाली, परवाना कोणाच्या नावे होता आणि नानांना ही बाब ठाऊक असूनही त्यांनी ती वरिष्ठांपासून का दडवली, हे शोधण्यासाठी चौकशी समिती नेमण्यात आली. पुस्तक पुरावा म्हणून जप्त झालं. नानांनी अजिजीने विनंती केली की शेवटचं प्रकरण तेवढं वाचून लगेच जमा करतो. साहेब म्हणाले, पुराव्याशी छेडछाड होईल.

निरीक्षकाला इमारत शोधायला पाठवलं. तो दिवसभर उन्हात फिरला आणि ‘पत्ता सापडत नाही, मालक फरार असावा’ असा अहवाल घेऊन आला. त्यामुळे संशय बळावला. मालकावर नोटीस बजावायची ठरली. मसुदा करायचं काम अर्थातच वरिष्ठ कारकुनाचं, म्हणून नानांनी आपल्याविरुद्धच्या प्रकरणातली नोटीस स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिली आणि कुठे पाठवायची ते न कळल्याने आपल्याच टेबलावर ठेवली.

पुस्तक मात्र समितीत फिरू लागलं. आधी ते लेखापालांकडे गेलं, अवलोकनार्थ. दुसऱ्या दिवशी लेखापालांचे डोळे लाल होते आणि बेरजा चुकत होत्या. मग ते टायपिस्ट बाईंकडे आलं, उतारे टंकित करण्यासाठी. बाई फाईल उभी धरून तिच्या आड बसल्या. बराच वेळ टाइपरायटर वाजला नाही, आणि एकदम “अगं बाई” एवढंच ऐकू आलं. नाना पाणी पिण्याच्या निमित्ताने तिथून गेले आणि त्यांनी हळूच विचारलं, कोण निघाला?

“नाना, चौकशी चालू आहे,” बाई फाईल मिटत म्हणाल्या. “मला काही बोलता येणार नाही.”

घरी त्याहून कठीण होतं. बायको रोज दार उघडताच विचारी आणि नाना रोज मान हलवत. शेवटी ती वैतागली. “चौकशी गेली खड्ड्यात,” ती म्हणाली. “तुम्ही आधी डॉक्टरचं काय झालं ते विचारून या.”

दरम्यान नानांच्या सुधारणेसाठी त्यांना ‘मौनाची व्याप्ती’ वाचण्याचा लेखी आदेश मिळाला. नाना आज्ञाधारक. त्यांनी तांब्याला टेकवून ती खरोखर वाचली. घास घशाखाली उतरेना, तरी वाचली. आणि पुढच्या सोमवारी, साहेब मधल्या प्रकरणाने आपण कसे अंतर्बाह्य हललो ते सांगत असताना, नानांनी नम्रपणे उठून सांगितलं की ते प्रकरण छापायचं राहून गेलं आहे. तिथली सगळी पानं कोरी आहेत.

लेखापालांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी मात्र क्षणभरच पाहिलं आणि मंद हसले.

“तेच तर मौन, नाना.”

टाळ्या पडल्या. कोऱ्या पानांवर बोलायला मग प्रत्येकाकडे काही ना काही होतं.

यथावकाश समितीचा निष्कर्ष आला. आपल्या अखत्यारीतील एकही लिफ्ट बंद नसते, असे विभागाचे धोरण असल्याने सदर लिफ्ट चालू होती. लिफ्ट चालू असताना कोणी सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरत नाही. सबब खुनी जिन्याने उतरला नाही. अन्य मार्गाने कोणी उतरल्याचा पुरावा नाही. सबब खुनी नाही. सबब खून नाही. घड्याळांच्या व्यापाऱ्याला हयात समजण्यात यावे. नानांना ताकीद देऊन सोडण्यात आलं आणि पुस्तक परत मिळालं. शेवटचं प्रकरण निष्कर्षाशी विसंगत असल्याने फाडून दप्तरी दाखल केलं होतं.

नानांनी ते पातळ झालेलं पुस्तक हातात धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परवानगी न मागता साहेबांच्या खोलीत शिरले. नोकरी घ्या, पण नाव सांगा, असं म्हणाले.

साहेबांनी उठून दाराला कडी लावली. नानांना बसवलं, स्वतः त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि कानाशी लागून ते नाव सांगितलं. नाना थक्क झाले. “म्हणजे व्याही नव्हेत?”

“मलाही शेवटपर्यंत व्याहीच वाटत होता हो,” साहेब कुजबुजले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. “दुसरं असलं काही आहे का तुमच्याकडे? पण वरून कव्हर घालून आणा.”

नानांनी घरी जाऊन नाव सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, मी पहिल्यापासून हेच म्हणत होते. त्या रात्री नानांच्या जेवणाला चव होती.

खुनी कोण, हे ज्या वाचकांना जाणून घ्यायचं असेल त्यांना ते सांगायला कार्यालयाची हरकत नाही. अट एकच. आपण सध्या आवडीने काय वाचत आहोत, ते खरंखुरं, चार लोकांसमोर उभं राहून मोठ्याने सांगावं आणि मग अर्ज करावा. आजवर एकही अर्ज आलेला नाही. तुमचाही येणार नाही, हे गृहीत धरून ही फाईल बंद करण्यात येत आहे.