शिवाप्पानं मासा खाल्ला नाही

समजा, तुम्ही चायनीज हॉटेलात बायको-मुलांना घेऊन बसला आहात. टेबलावर तळलेलं पापलेट आलेलं आहे. एवढ्यात कपाळाला भस्माचे पट्टे ओढलेला, धोतर-सदरा-टोपीतला एक म्हातारा लांब चिमटा घेऊन तुमच्या शेजारी उभा राहतो. चिमट्यात वाफाळणारा पांढरा डिमसम, दिसायला मोदकासारखा, आत कोळंबी. "पावणं, एक घ्या की," म्हणत तो तुमच्या ताटलीत वाढतो. तुम्ही नको म्हणायच्या आत दुसरा वाढतो. "लाजू नगासा, सावकाश होऊं द्या," असं सांगून पुढच्या टेबलाकडं सरकतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापुरात उचगावच्या रस्त्याला मासे आणि डिमसम मिळणारं एक चायनीज हॉटेल निघालं होतं, तिथं दर शनिवारी हा प्रकार चालायचा. नवखी गिऱ्हाइकं त्याला मालक समजायची. काहींना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलंय. तो मालक नव्हता आणि डोकंही जाग्यावर होतं. तो माझा मित्र शिवाप्पा. पिढीजात लिंगायत, गळ्यात लिंग, अंड्याच्या टरफलावर पाय पडला तरी अंघोळ करणारा.

शिवाप्पाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी आमच्या भागात त्याचं नाव निघालं की कुणीतरी हसून म्हणतंच, "म्हातारपणी मासं खाऊन बाटला गडी." परवा एका लग्नात मला हे पुन्हा ऐकावं लागलं. खरं काय ते मला माहीत आहे. इतकी वर्षं मी गप्प बसलो. आता माझंही वय झालं, म्हणून लिहून टाकतो.

शिवाप्पाचं भांड्यांचं दुकान होतं. विकायची भांडी दर्शनी, पण त्याचा जीव मागच्या खोलीत. तिथं लग्नकार्याला भाड्यानं द्यायची पातेली, पराती, घागरी, बादल्या, झारे आणि पळ्या असायच्या. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळायचो आणि दुकानाच्या वरच्या माळ्यावर भाड्यानं राहायचो. खाली पातेली घासायला लागली की आम्ही समजायचो, कुठंतरी लग्न उरकलं.

भांडी देणारे पुष्कळ असतात. शिवाप्पा भांड्यांमागोमाग स्वतः लग्नाला जायचा. आमंत्रण असो नसो. टोपी सारखी करून पंगतीत शिरायचा आणि बादली उचलायचा. कोण पोळी मोडत बसलंय, कोण भाताला हात आडवा करतंय, याच्यावर त्याची नजर. "पान रिकामं दिसाय न्हाय पायजे," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य निम्मं कानडी. त्याच्या घरात ती भाषा होती. कुणी पुरे म्हणालं, की तो म्हणायचा, "साकू म्हणायचं न्हाई." साकू म्हणजे पुरे. तो दोन जिलब्या जास्तीच्या टाकून जायचा.

त्याच्या दुकानाचा एक कायदा होता. मटणाला भांडं मिळणार नाही. कोल्हापुरात राहून हा कायदा म्हणजे निम्मा धंदा बुडवणंच. आम्ही मुरगूडकडचे शेतकरी. आमच्या घरी एकदा जत्रा होती, म्हणजे बोकड होतं. मोठं पातेलं कुठं मिळेना. मी शिवाप्पाला सांगितलं, सत्यनारायण आहे. त्यानं पातेलं दिलं. तो मागोमाग एसटीनं येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तो आला. पातेल्यात तांबडा रस्सा उकळत होता. मी चुलीपाशी उभा, घाम पुसतोय. शिवाप्पानं पातेल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. अंगणात पंगत बसलेली होती. जेवणाऱ्यांना उठवायचं कसं? तो लांब पायरीवर जाऊन बसला. पण त्याला बसवेना. थोड्या वेळानं पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरायला लागला. तोंड वळवून पाणी वाढत होता आणि म्हणत होता, "होऊं द्या सावकाश." जाताना मला एवढंच म्हणाला, "तुझ्या सत्यनारायणाला पातेलं ठेवून घे." ते पातेलं आमच्या घरी अजून आहे.

पुढं बुफे आला. शिवाप्पाला तो सहन होईना. हातात ताट घेऊन माणसं रांगेत उभी राहिलेली बघितली की त्याला कसंतरी व्हायचं. तो रांगेतल्या लोकांची माफी मागत फिरायचा, जणू लग्न त्याच्याच घरचं. मग कार्यालयवाल्यांनी स्वतःची भांडी घेतली आणि शिवाप्पाची पातेली महिन्याचे महिने उपडी पडायला लागली. तरी त्यांच्या लिंगायत मठाच्या वार्षिक प्रसादाची पंगत त्याच्याकडंच होती. वर्षभर तो त्या दिवसाची वाट बघायचा.

त्याची बायको लवकर गेली. घरात तो आणि एकुलती एक गिरिजा. ती स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागली आणि तिथल्या आचाऱ्यावर तिचा जीव जडला. आचारी कलकत्त्याच्या चिनी घरातला, नाव चेन. हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलायचा. शिवाप्पानं आरडाओरडा केला नाही. बोलणं तेवढं बंद केलं. गिरिजा मैत्रिणीकडं राहायला गेली आणि रजिस्टर लग्नाची तारीख कळवून गेली.

आदल्या संध्याकाळी शिवाप्पा जिना चढून माझ्याकडं आला. एरवी तो खालूनच हाक मारायचा. चहाचा कप हातात धरून बसला.

"उद्या हाय," तो म्हणाला. "जाऊ का?"

मी म्हणालो, "आत्ता नको. लोक बोलतील. थोडे दिवस जाऊ देत, मग बघू."

"बरं," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून खाली गेला.

सल्ला द्यायला सोपा होता. मला त्यात काही तोशीस नव्हती. तो जायच्याच तयारीनं आला होता, त्याला फक्त कुणीतरी जा म्हणायला हवं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दिवसभर खाली भांडी घासल्याचा आवाज येत होता. कुठलंही लग्न उरकलेलं नव्हतं. मागच्या खोलीतलं एकूण एक भांडं त्यानं घासून उन्हात मांडलं होतं. तिकडं कचेरीत सह्या झाल्या, पेढे वाटले, झालं. मीही गेलो नव्हतो.

वर्षभरानं चेन आणि गिरिजानं उचगावच्या रस्त्याचं ते हॉटेल काढलं. रोज पहाटे मालवणकडून बर्फात घातलेले मासे घाट चढून यायचे. आणि थोड्याच दिवसांत बातमी आली, की शिवाप्पा तिथं शनिवारी टेबल अडवून बसतो आणि पुढ्यात सुरमई, कोळंबी, काय काय मांडलेलं असतं. बघणारा खोटं बोलत नव्हता. त्यानं मांडलेलं बघितलं आणि निघून आला.

मठाच्या मंडळींनी शिवाप्पाला बोलावून विचारलं, तिथं जातोस का? तो म्हणाला, जातो. मासे मागवतोस का? म्हणाला, मागवतो. पुढं त्यांनीही विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही. त्या वर्षी प्रसादाच्या पंगतीत बादली दुसऱ्याच्या हातात दिली. शिवाप्पा दुकानाच्या पायरीवर बसून होता. आजवर त्या दिवशी त्याला बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मला राग आला. एवढं सोवळं पाळणाऱ्यानं मासा खायचा तरी कशाला, असं विचारायला मी पुढच्या शनिवारी त्याच्याबरोबर रिक्षात बसलो. त्याच्या मांडीवर कागदात गुंडाळलेला चिमटा होता, दुकानातला, सगळ्यात लांब.

गल्ल्यावर गिरिजा होती. मला वाटलं आता रडारड होणार. तसलं काही झालं नाही.

"या साहेब," ती शिवाप्पाला म्हणाली.

"मॅडम, आज ताजं काय हाय?"

"सुरमई आलीय. कोळंबीचे डिमसम आहेत."

"चांगलं हाय न्हवं?"

"खाऊन सांगा."

"मी काय सांगणार. लोक सांगतील की."

बाप-लेकीचं बोलणं दर शनिवारी एवढंच चालायचं, साहेब आणि मॅडम. दोघांनाही त्याच्या पलीकडचा रस्ता सापडत नव्हता.

वेटरनं बांबूच्या टोपल्या आणून ठेवल्या. शिवाप्पानं चिमटा काढला, झाकण उचलताना श्वास रोखून मान वळवली आणि उठला. मग मी जे पाहिलं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. थोडं राहिलं ते असं. वाढण्याआधी तो प्रत्येक ताटलीत चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड ठेवायचा, कारण पंगत मिठापासून सुरू होते. लाल सॉस आणि व्हिनेगारमधली मिरची ताटलीच्या डाव्या बाजूला, चटणीच्या जागी. चॉपस्टिकशी झटणाऱ्या एका पाव्हण्याला म्हणाला, "काड्या ठेवा खाली, हात कशाला दिलाय द्येवानं?" काही डिमसमची तोंडं उघडी असतात, ती त्याला पसंत नव्हती. मोदक असा अर्धवट मिटू नये, असा निरोप त्यानं वेटरकडून आत पाठवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चेननं हात जोडले. त्या दिवसापुरती सगळी तोंडं मिटून आली.

लोक आधी बिचकायचे, मग हसायचे, मग ताटली पुढं करायचे. शिवाप्पाच्या टेबलावरचं बहुतेक सगळं असं दुसऱ्यांच्या पानात गेलं. त्यानं पाणीही घेतलं नाही.

तो घाम पुसत येऊन बसला, तेव्हा मी विचारलं, "खायचं नाही तर मागवतोस कशाला? आणि कोबीचं मिळतंय की, ते तरी खा."

"मुलीच्या बापानं शेवटच्या पंगतीला बसायचं असतंय," तो म्हणाला.

मला काही कळेना. मी विचारलं, कसली पंगत?

त्यानं चिमटा कागदावर नीट आडवा ठेवला. गल्ल्याकडं न बघता, हळू आवाजात म्हणाला, "गिरजीच्या लग्नाचं जेवण व्हायचं ऱ्हायलंय न्हवं का. एकदम वाढाय जमलं न्हाई. तवा थोडं थोडं वाढाय लागलोय."

समोरच्या टेबलावर कुणीतरी बोटं चाटत होतं. मी तिकडंच बघत राहिलो.

मग मी म्हणालो, मठात जाऊन सांगतो सगळ्यांना. त्यानं माझा हात दाबला. "नगो. मासं खातोय म्हणूंद्यात, त्यात काय इशेष न्हाई. हे कळलं की कीव करतील. माझी बी आणि पोरीची बी." मग एक ताटली माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "तू लग्नाला आला न्हवतास. बस आता."

त्यानं मला वाढलं. मीठ, लिंबू, डावी बाजू, मग कोळंबी, मग सुरमईचा तुकडा. मी जन्माचा मटणखाऊ, माशाचं मला कौतुक नव्हतं. त्या दिवशी नको म्हणायची माझी टाप नव्हती, उलट आणखी एक तुकडा मागितला.

टेबलं रिकामी झाली. एरवी या वेळी शिवाप्पा आपला कोबीचा डबा बांधून घेऊन घरी जायचा, कारण एकट्याची पंगत होत नाही. आज मी समोर होतो. गिरिजानं लांबून ते पाहिलं आणि गल्ला सोडून आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात मोदकपात्र होतं. त्यात मासा कधी शिजत नसे, ते फक्त शनिवारचं, त्याच्यापुरतं होतं. तिनं स्वतः बापाच्या ताटलीत कोबी-गाजराचे डिमसम वाढले. तो मान खाली घालून खायला लागला. ताटली सरत आली तसा तिनं अजून एक टाकला. तोही गेला. तिनं पुन्हा हात पुढं केला.

"साकू," शिवाप्पा म्हणाला.

घरातला शब्द होता. त्याच्या तोंडून कसा निघून गेला, त्यालाही कळलं नसावं. गिरिजाचा हात जागच्या जागी थांबला. मग तिनं तो डिमसम ताटलीत ठेवला.

"साकू म्हणायचं न्हाई, अण्णा."

शिवाप्पानं वर बघितलं नाही. तो निमूट खात राहिला, आणि ती तिथंच, बापाच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. खिडकीतून चेन बघत होता. त्याला कानडी येत नव्हतं, पण त्यानं आतला दिवा मालवला नाही.

त्यानंतरही शिवाप्पा शनिवारी वाढत राहिला. पाय चालेनासे झाले तेव्हा बसूनच वाढायचा, गिऱ्हाइकंच ताटल्या घेऊन त्याच्याकडं यायची. मठाची बादली परत मिळाली नाही, त्यानं मागितलीही नाही. मी दर शनिवारी समोर बसायला जायचो.

तेव्हा आमच्या भागातल्या मंडळींनी एकदाच नीट ऐकून घ्यावं. शिवाप्पानं मासा खाल्ला नाही. त्यानं कोबी खाल्ला. मासा मी खाल्ला. लग्नाचा होता, आणि मी मागून घेतला.