दुप्पट दिसणारं जंगल

एका जंगलात रस्त्याचं काम चालू होतं. वाघमहाराजांच्या पणजोबांपासून चालू होतं. हसू नका रे, गोष्ट फार जुनी आहे.

खोदकामाची धूळ उडायची आणि प्राणी दिवसभर डोळे चोळत बसायचे. चोळून चोळून बुबुळावरचा नितळ पडदा पातळ झाला, टोकदार होऊन पुढे आला. मग एकाच्या जागी दोन दिसू लागले.

तांबू हरिणीला एकच पाडस होतं, बुट्ट्या. ओढा ओलांडताना त्याला एका दगडाचे दोन दगड दिसायचे. उडी कुठल्यावर मारावी, त्याला कळेना. तांबूने साळिंदर वैद्यबुवांना गाठलं.

"पोरी, मी लेप देईन," वैद्यबुवा म्हणाले, "पण आधी धूळ थांबायला हवी. महाराजांना सांग."

ती दरबारात गेली. "महाराज, लेकरू ओढ्यात पडेल हो माझं!"

"एकट्या तुझ्या पोरासाठी रस्ता थांबवू?" महाराज गुरगुरले. "रोग किती जणांना आहे, ते आधी मोजा."

मोजणी सुरू झाली. तांबूने देवाला हात जोडले, 'सगळ्यांना असू दे रे बाबा!' आईच ती, दुसरं काय मागणार?

देवाने ऐकलं. रोग जवळजवळ सगळ्यांनाच निघाला. तांबू धावत दरबारात आली.

तरस प्रधान हसले. "बाई, सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर तो रोग कसला? जंगलाची नजरच तशी. शिवाय यंदा गवत दुप्पट दिसतंय. बरं करून ते निम्मं करायचं का?"

महाराजांनी मान डोलावली. त्यांनाही हल्ली स्वतःच्या दोन गाद्या दिसत, आणि ते त्यांना आवडलं होतं. वैद्यबुवांना मात्र गवत एकपट दिसतं म्हणून हद्दपार केलं.

चार दिवसांनी बुट्ट्याने उडी मारली. नसलेल्या दगडावर. ओढा त्याला घेऊन गेला.

तांबू दरबारात येऊन ऊर फोडून रडली. प्रधानांनी तिची समजूत घातली. "रडू नकोस. तुला दोन दिसत होती ना? एक गेलं. एक उरलं असेल, बघ."

तिने वेड्या आशेने शेजारी पाहिलं. तिला तिथे दोन रिकाम्या जागा दिसल्या.

मला हे सांगताना अजून संताप येतो. पण गोष्ट म्हटली की तात्पर्य द्यावंच लागतं.

तात्पर्य: रोग एकाला असला तर ते त्याचं नशीब. सगळ्यांना असला तर ती जंगलाची भरभराट. म्हणून बाळांनो, आधी मोजणी बघा, मधल्या आकड्यात बसेल असा रोग निवडा आणि मगच आजारी पडा.