घोड्याच्या केसांचा ब्रश

विलास भोईटे यांनी फलटणच्या बाजारातून आणलेला दाढीचा नवा ब्रश घोड्याच्या केसांचा होता, आणि तो पहिल्याच सकाळी पळून गेला.

ब्रश त्यांच्या वडिलांसाठी, तात्यांसाठी होता. तात्या कालव्यावर निरीक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी कालव्याच्या काठाने चालत केली. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते खाटेवर होते. हाड जुळलं होतं, डॉक्टर हिंडाफिरायला सांगत होते, पण तात्या उठून बसायलाही तयार नव्हते. पांघरुणाखाली पाय मात्र सारखे हलत. विलासराव दाढी करायला बसले, की तेवढ्यापुरते ते पाय थांबत. जुन्या ब्रशचे केस पार झडले, म्हणून नवा आणला.

तो मगात भिजत घालून विलासराव साबण घ्यायला वळले. परत बघतात तर तो मग आडवा पडलेला, आणि पाण्याची रेघ उंबरा ओलांडून फाटकापर्यंत गेलेली.

ते ब्रश घेतला त्या दुकानात गेले. दुकानदार दोशीकाकांनी शांतपणे विचारलं, "पाणी कढत होतं?"

"जरा होतं."

"तिथंच बिथरला. डुकराच्या केसांचा नेला असता तर एका जागी पडून राहिला असता. घोड्याचा रुळेपर्यंत पळतो. कोमट पाण्यात ठेवा. रोज साबणावर फिरवून नुसता फेस काढा, तोंडाला लावू नका. मग धुऊन, झटकून, केस खाली करून टांगा. आणि मोकळ्यावर फिरवून आणत चला."

ब्रश नगरपालिकेच्या कोंडवाड्यात सापडला. तिथले मुकादम शिरतोडे दोन म्हशींच्या मधून वाट काढत आले.

"तुमचं जनावर कोणतं?"

"जनावर नाही, दाढीचा ब्रश आहे."

"ब्रश आम्ही धरत नाही. घोडा धरतो."

"केस घोड्याचे आहेत."

"मग तेवढा घोडा धरलाय. मान आहे का त्याला?"

"दांडा आहे."

"दांड्याला दोरी बांधून न्या. मोकळा सोडलेला पुन्हा दिसला तर गय नाही."

विलासरावांनी दोशीकाकांचं सांगणं तंतोतंत पाळलं. ऑफिसला जाण्याआधी ते सुतळी धरून ब्रशला अंगणात फिरवत. फेस चांगला येऊ लागला, सुरुवातीचा उग्र वासही गेला. पण खिळ्याला टांगला, की तो दांडा भिंतीवर आपटत राही.

"भिंतीचे पोपडे पडायला लागलेत," विलासरावांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या. "आणि तिकडं तात्यांचे पाय. मला घरात बसवेना झालंय."

दाढी बंद असल्यामुळे तात्यांचे पाय आता क्षणभरही थांबत नव्हते. न्हाव्याला बोलावतो म्हटलं तर ते तोंड फिरवत. दाढीचे पांढरे खुंट गळ्यापर्यंत उतरले होते. घास पुढे केला तर म्हणत, "नको, जायचंय." कुठं, ते सांगत नसत. विलासरावांना ऑफिसात त्या शब्दाने काही सुचत नसे.

एका सकाळी तात्यांनीच विचारलं, "हे काय वाजतंय?"

"ब्रश."

"आण इकडं."

विलासरावांनी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. ब्रश थरथरत होता. तात्यांनी अंगठ्याने त्याचे केस एका बाजूला सारले.

"कोंडून घातलंत याला."

"रुळवतोय, तात्या."

"कोंडलेला कशानं रुळेल? लाव मला."

विलासरावांनी फेस केला. ब्रश तात्यांच्या हनुवटीवरून, गालांवरून, कानांपर्यंत भरधाव फिरला. फेस दाट आला. विलासरावांनी उजवा गाल करून घेतला. वस्तरा डावीकडे नेणार, तोच तात्या कोपरावर रेलून उठून बसले.

"ती चाकाची खुर्ची आणली आहेस ना, काढ."

विलासरावांनी लगेच खुर्ची काढली. काही विचारलं तर तात्या पुन्हा आडवे होतील, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी आणि शैलाताईंनी तात्यांना उचलून खुर्चीत बसवलं.

"ढकलतो मी."

"तू नको." तात्यांनी सुतळीचं एक टोक दांड्याला बांधलं, दुसरं पायटेकणीला, आणि ब्रश जमिनीवर सोडला.

ब्रश जरा थबकला. मग सुतळी ताणली गेली आणि खुर्ची फाटकातून बाहेर पडली.

विलासराव एका हातात वस्तरा, दुसऱ्यात टॉवेल घेऊन मागे धावले. चौकात हवालदार काटकरांनी ट्रक थांबवून धरला होता. "तात्या, डाव्या बाजूनं," ते म्हणाले. तात्यांनी सुतळी डावीकडे ओढली. डाव्या गालावरचा फेस वाऱ्याने वाळत होता. खुर्ची कालव्याच्या रस्त्याला लागली, उसाच्या फडापाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

विलासरावांना धाप लागली होती. ते चालत घरी परतले.

"झाली दाढी?" शैलाताईंनी विचारलं.

"एक गाल झाला."

शैलाताईंनी कोमट पाणी झाकून ठेवलं.