आठवी ब, बाकांसह

आमच्या हायस्कुलात त्र्यंबक खळदकर १९५४ सालापासून आठवी ब च्या बाहेर उभे आहेत. इतिहासाच्या तासाला बोलल्याबद्दल टिळेकर सरांनी त्यांना बाहेर काढलं आणि त्याच संध्याकाळी सर गेले. ज्याने बाहेर काढलं त्यानेच आत घ्यायचं, हा शाळेचा दंडक. तेव्हापासून खळदकर रोज पावणेअकराला येतात, पाचला घरी जातात. लग्नसुद्धा त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत उरकलं.

यंदा शाळेला वारसा दर्जा मिळणार होता. मी इथला लिपिक, यादी माझ्याच हातची: सागवानी जिना, संस्थापकांची खुर्ची, खळदकर. यादीवर सही झाली की त्यातलं काहीही आहे त्या स्थितीतून हलवता येत नाही, हे कलम मला सहीच्या आदल्या दिवशी दिसलं. खळदकर चौऱ्याऐंशीचे, गुडघे संपलेले. उद्या चारला सही झाली की रात्रंदिवस उभे.

"नाव खोडा," मुख्याध्यापिका निंभोरकर बाई म्हणाल्या.

"यादी वर गेली, बाई. आता उद्या सहीला येणारे वारसा खात्याचे साहेबच जागेवर पाहून काय ती दुरुस्ती करतील."

"मग मीच घेते त्यांना आत."

खळदकरांनी मान हलवली. "तो अधिकार सरांचा, बाई. पण खरं सांगू? बोललो मी नव्हतोच."

एकाहत्तर वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला साहेबांची गाडी फाटकात शिरली. बाई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या. एकदम त्या वर्गाच्या दारात गेल्या.

"सगळे बाहेर या. बाकं घेऊन."

बेचाळीस मुलांनी व्हरांडा भरून टाकला.

"वर्ग आता इथे आहे," बाई खळदकरांना म्हणाल्या. "तुम्हाला आत कुणी घेतलेलं नाही. बसा."

खळदकरांनी आधी रिकाम्या वर्गात डोकावून पाहिलं. मग दुसऱ्या बाकावर, कडेला बसले. "आई गं," म्हणाले.

साहेब वर आले. "हे उभे आहेत असं लिहिलंय."

"वर्ग चालू आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी 'उभे' खोडून 'बसलेले' केलं, पुढे 'आठवी ब, बाकांसह, व्हरांड्यात' असं लिहिलं आणि सही केली.

पाचला शाळा सुटली. मुलं दप्तरं उचलायला लागली, तेव्हा साहेबांनी हाताने त्यांना खाली बसवलं आणि कलम वाचून दाखवलं. सहापासून घरोघरचे डबे यायला लागले.

शेजारची मुलगी मुसमुसत होती. खळदकर तिच्याकडे सरकून म्हणाले, "पहिली दहा वर्षं जड जातात."