बगळा-नोंद : घरटी किमान दहा मिनिटं

मनुष्यजातीचे दोन भाग पडतात : खेळणारे आणि न खेळणारे. पैकी न खेळणारे संख्येने जास्त, वयाने वडील आणि स्वभावाने गंभीर असतात, आणि जगाचा गाडा त्यांच्याच जोरावर चाललेला असतो (असं त्यांचं म्हणणं आहे). खेळणाऱ्यांना यंत्र विकण्यात काही पुरुषार्थ नाही. ते दुकान उघडायच्या आधीच रांगेत उभे असतात. खरं पुण्य न खेळणाऱ्यांना यंत्र विकण्यात आहे. क्योतोच्या दक्षिण भागात व्हिडिओ गेमची यंत्रं बनवणाऱ्या हायादोरी मंडळींनी हे पुण्य पदरात पाडून घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी ‘समस्तजन विभाग’ स्थापन केला.

विभागात सात माणसं, सहा टेबलं (एक जण कायम बैठकीत असे) आणि कुंडीतलं एक झाड. प्रमुख म्हणून नोरिए कुवाजिमा यांची नेमणूक झाली. नोरिएबाई बावन्न वर्षांच्या, चष्मा लागलेल्या आणि एक गुडघा धरलेल्या. तेव्हा समस्तजन म्हणजे कोण, हे शोधायला त्यांना आरशापलीकडे जावं लागणार नाही, असा मंडळींचा अंदाज होता. नोरिएबाईंनी कमरेत वाकून नेमणूक स्वीकारली, ती केवळ एका बगळ्यापायी.

अठरा वर्षांपूर्वी त्यांनी एक खेळ रचला होता. कामो नदीत एक बगळा उभा आहे. खेळणाऱ्याने बगळा व्हायचं. म्हणजे काय करायचं? तर उभं राहायचं. वारा येतो, ढगाची सावली पाण्यावरून सरकते, पुलावरून शाळेची पोरं जातात. आपण हललो की मासे पळतात. आणि कधीतरी, अगदी कधीतरी, पायाशी एक चंदेरी रेघ लकाकते. तेवढ्यात बटण दाबायचं. मासा मिळाला तर एक गुण, निसटला तर पुन्हा उभं राहायचं. बटण एकच. खेळ एवढाच.

आता आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट करायची तर तिचा कागद टेबलावरून टेबलावर फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपल्या नावाचा लाल शिक्का मारतो. धाकट्याने शिक्का जरासा तिरका मारायचा, म्हणजे तो थोरल्याच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा दिसतो. बगळ्याच्या कागदावर चौदा चौकोन होते. त्यातले तेरा शिक्के चौदाव्या रिकाम्या चौकोनापुढे अठरा वर्षं वाकून उभे होते. (उभं राहण्याच्या बाबतीत ते बगळ्यालाही भारी होते.)

चौदावा चौकोन तोकोनामीसाहेबांचा. साहेब माणूस वाईट नव्हता. ते कधी कोणाला नाही म्हणाले नाहीत. ते फक्त दातांतून ‘स्स्’ करून हवा आत ओढत आणि खिडकीबाहेर बघत. या वर्षी मात्र हवा ओढून झाल्यावर ते बोलले.

“मार्चअखेर विभाग बंद होतोय, कुवाजिमासान. त्याच्या आत चाळीस माणसं आणा. जन्मात कधी न खेळलेली. त्यांनी दहा-दहा मिनिटं बगळा खेळून दाखवला तर माझा शिक्का. नाहीतर मग बगळा संग्रहात.”

संग्रह म्हणजे तळघरातलं कपाट. तिथून काही परत आल्याची नोंद नाही (नोंदवही त्याच कपाटात आहे).

विभाग कामाला लागला. बाराशे न खेळणाऱ्यांची पाहणी झाली. ते का खेळत नाहीत, याची शास्त्रशुद्ध कारणं हाती आली :

बटणांची धास्ती वाटते : ४१ टक्के.
हरलो तर वाईट वाटेल : ३३ टक्के.
जिंकलो तर शेजाऱ्यांना वाईट वाटेल : ३८ टक्के (हे सगळे क्योतोचे).
यंत्रावर धूळ बसते : ७४ टक्के.
या वयात? : १०० टक्के.

प्रत्येक कारणावर एक आणि वर एक जादा, अशा सहा समित्या नेमल्या गेल्या. समित्यांच्या कामाबद्दल आदरच बाळगायला हवा. पहिलीने बटण काढून टाकलं. दुसरीने हरणं काढलं, तिसरीने जिंकणं. चौथीने मासा मारणं क्रूर ठरवून माशाचे आभार मानून त्याला सोडून द्यायची सोय केली. पाचवीला वाट पाहणं समस्तजनांना जाचक वाटलं, म्हणून मासा आधीच चोचीत ठेवण्यात आला. सहावीने सगळ्यांत मूलभूत प्रश्न विचारला : बगळाच का? पाहणीत मांजराला जास्त मतं होती. पण मांजर पाण्यात उभं राहत नाही, हे लक्षात आल्यावर दोघांनाही गाळण्यात आलं. उरली नदी. नदीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

ही नदी समस्तजनांना दाखवली. ९६ टक्के म्हणाले, फारच छान आहे. त्यांनी ती सरासरी अडतीस सेकंद पाहिली. त्यातले बारा सेकंद चष्मा शोधण्यात गेले.

नोरिएबाई त्या दिवशी घरी आल्या आणि बूट न काढता पायरीवरच बसून राहिल्या. चाळीस राहोत, त्यांच्याकडे एकही माणूस नव्हतं, आणि आता बगळाही नव्हता.

त्या राहत त्या गल्लीत अकरा घरं. गल्लीच्या प्रमुख उमेनोआजी, वय अठ्ठ्याहत्तर, किमोनोचे पट्टे विणण्यात हयात गेलेली. पाहणीतल्या बाराशे कागदांत आजींचाही कागद होता आणि विभागाने त्यांना ‘शहरातली सर्वांत शुद्ध न खेळणारी व्यक्ती’ म्हणून गौरवलं होतं. ‘आपण खेळता का?’ या प्रश्नापुढे आजींनी लिहिलं होतं : ‘नाही. वेळ नसतो.’

वेळ नसतो हे खरंच होतं. नोरिएबाई त्याच गल्लीत राहत असल्यामुळे त्यांना आजींची दिनचर्या पाठ होती. पहाटे रेडिओवरची कवायत, तिच्या हजेरीच्या कार्डावर रोज एक शिक्का. एकेचाळीस वर्षांत एक चौकोन मोकळा नाही (थोरल्या मुलाच्या लग्नादिवशीही नाही). मग तोफूवाल्याकडे, कारण त्याच्या कार्डावर वीस खुणा झाल्या की एकविसावा तोफू फुकट. आजी एकट्या, पण घरात नेहमी तीन तोफू. दुपारी पाचिंकोच्या दुकानात दोन तास लोखंडी गोळ्या उडवायच्या. त्याला आजी ‘पाय मोकळे करून येते’ म्हणत, जरी ते बसून करायचं असलं तरी. संध्याकाळी सार्वजनिक न्हाणीघरात, सुमोत आज कोण कोणाला पाडणार याचे अंदाज भिंतीवरच्या कागदावर मांडायचे. एवढं सगळं उरकून खेळायला वेळ कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरिएबाईंनी आजींपुढे यंत्र ठेवलं. आत मूळचा बगळा होता, बटणासकट. समित्यांच्या नजरेपासून जपून ठेवलेला.

आजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नोरिएबाईंकडे दोनदा. “डोळ्यांना चाळीशी लागली तरी पोरखेळ सुटत नाही तुमचा. घरी कोणी काही बोलत नाही वाटतं?”

“दहाच मिनिटं, आजी.”

“खेळायला मी काय रिकामटेकडी आहे?” आजींनी यंत्र दोन बोटांनी परत सरकवलं. “नेमून दिलेलं काम असतं तर गोष्ट वेगळी. नेमून दिलेलं काम मी आजवर टाळलेलं नाही. विचारा कोणालाही.”

नोरिएबाईंनी कोणालाही विचारलं नाही. त्या थोडा वेळ, त्यांच्या बगळ्यासारख्याच, न हलता बसल्या. मग म्हणाल्या, “फिरत्या पाटीवर घातलं तर?”

फिरती पाटी म्हणजे चिमटा लावलेली एक फळी. गल्लीच्या सूचना तिच्यावर लावतात, आणि ती घरोघर फिरते. वाचायचं, शिक्का मारायचा, पुढच्या दारात ठेवायची. पाटीवर आलेली गोष्ट का करायची, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. पाटीवर आलं की ते काम.

आजींनी बराच विचार केला. “त्याला पिशवी लागेल,” त्या म्हणाल्या. जुन्या पट्ट्याच्या रेशमाची पिशवी त्यांनीच शिवली, पेन्सिलीला वेगळा कप्पा ठेवून.

अशा रीतीने दहा फेब्रुवारीला पाटी यंत्रासकट निघाली. पहिली सूचना कचऱ्याची : एक मार्चपासून प्लास्टिक मंगळवारऐवजी गुरुवारी. दुसरी आगीपासून सावधगिरीची. तिसरी हरवलेल्या छत्रीची. चौथी : ‘बगळा-नोंद. घरटी किमान दहा मिनिटं. मिळालेले मासे मांडून शिक्का मारावा.’

अकरा घरांना पाटी एरवी चार दिवस घेते. या वेळी ती पहिल्या घरातून, म्हणजे आजींच्या, सहा दिवसांनी बाहेर पडली. दुसऱ्या घरी बँकेतून निवृत्त झालेले कामेगायासान. त्यांनी चौदा लिहिलं, खोडलं, सव्वीस लिहिलं, खोडलं, एकावन्न लिहिलं आणि पाटी तिसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी मुळ्याच्या लोणच्याची वाटी घेऊन ते तिसऱ्या दारात हजर. शिक्का फिका उमटल्यासारखा वाटतो, पाटी जरा परत मिळेल का? शिक्का चांगला ठसठशीत होता. तो नीट उमटवायला त्यांना तीन दिवस लागले. चौथ्या घरच्या डॉक्टरीणबाईंनी पाटी घेतल्यावर दाराची घंटा बिघडली. दार वाजवलं तरी ऐकू येत नसे. अख्ख्या गल्लीत लोणच्याची देवाणघेवाण पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली. खेळत मात्र कोणीच नव्हतं.

नोरिएबाईंचं घर अकरावं. त्या रोज कामावरून येताना पायरीकडे बघत. पायरी रिकामी. चाळीस माणसं हवी होती, मार्च उजाडत होता, आणि पाटीचा पत्ता नव्हता.

मग ती आपत्ती ओढवली. मार्चच्या पहिल्या मंगळवारी शेवटच्या पाच घरांनी, पाटी न पोचल्यामुळे, प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर ठेवल्या. कचरागाडी आली, पिशव्यांवर चिठ्ठ्या डकवून निघून गेली. पाच पिशव्या दिवसभर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. आमच्या गल्लीने भूकंप पाहिलाय, पण तो रात्रीचा होता, निदान कोणाला दिसला नाही.

रविवारी सभा भरली. चहा दिला गेला, पण कोणी घेतला नाही. नोरिएबाई दाराजवळ बसल्या होत्या. पाटी जप्त झाली की बगळाही जाणार, हे त्यांना दिसत होतं. त्या उठून सगळ्यांची माफी मागणार, एवढ्यात उमेनोआजींनी विचारलं, उशीर कोणी केला?

“उशीर नाही,” कामेगायासान म्हणाले. “मी पडताळणी केली. बँकेत एक येन चुकला तर आम्ही घरी जात नसू. आणि पहिल्याच घरी सहा दिवस गेले, त्याचं काय?”

“मोजायला नकोत?” आजी म्हणाल्या. “दोनशे बारा मासे काय आपोआप येतात?”

माणसं दोनशे बारा या आकड्याकडे बघत होती. कोणीतरी हलकेच विचारलं, पुलाच्या अलीकडे उभं राहायचं की पलीकडे?

सभेने एकमताने ठराव केला : कचरा आणि बगळा ही दोन्ही कामं महत्त्वाची असल्याने ती एकाच पाटीवर नसावीत. बगळ्याची स्वतंत्र फेरी असावी, वर्षाचं वेळापत्रक लावावं आणि पिशव्या वाढवाव्यात. नोरिएबाईंनी विभागातली उरलेली तीनही यंत्रं आणून दिली. आठवड्याभरात शेजारच्या गल्लीचे प्रमुख भेटीला आले. त्यांचं म्हणणं असं, की नदी सर्वांची आहे, मग नोंदीचा भार एकाच गल्लीने का वाहावा? वीस मार्चला कागदावर चाळीस शिक्के होते. सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याने चार तास घेतले होते.

नोरिएबाईंनी तो कागद दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी शिक्के मोजले. मग सोबतची प्रश्नावली चाळली. ‘आपण खेळलात का?’ या प्रश्नाला चाळीसच्या चाळीस उत्तरं होती : नाही.

साहेबांनी हवा आत ओढली. “अट खेळण्याची होती, कुवाजिमासान. कागदोपत्री हा बगळा कोणीच खेळलेलं नाही.”

नोरिएबाई टेबलापुढे तशाच उभ्या राहिल्या. अठरा वर्षं उभं राहिलेल्या माणसाला आणखी थोडं उभं राहणं जड नसतं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. टेबलावर रेशमी पिशवी होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “यंत्र ठेवून जा. तपासायला लागेल.”

तपासणी नऊ दिवस चालली. या काळात साहेबांना चार बैठकांचा विसर पडला आणि एकदा ते उतरायचं स्टेशन सोडून नाराला पोचले. तीस मार्चला पिशवी परत आली. आत कागद होता, आणि चौदाव्या चौकोनात शिक्का. सरळ, लालभडक, शेजारच्या तेरांचं वाकणं सार्थकी लावणारा. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं : ३४०. प्रश्नावलीत : नाही.

नोरिएबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. हायादोरी मंडळींनी बगळ्याचं यंत्र खेळण्यांच्या दुकानात न ठेवता वह्या-पेन्सिलींच्या दुकानात ठेवलं, ‘नोंद-यंत्र’ म्हणून, सोबत फळी आणि चिमटा. आज दर पाच घरांपैकी तीन घरांत ते आहे. दरवर्षीप्रमाणे पाहणी होते. न खेळणाऱ्यांचं प्रमाण होतं तेवढंच आहे, एका टक्क्यानेही घटलेलं नाही. उमेनोआजींचा कागद अजूनही आदर्श म्हणून भिंतीवर लावलेला आहे. त्यांचा आकडा हल्ली पाच अंकी झालाय, आणि त्यांना वेळ पूर्वीहून कमी मिळतो.

आपण अर्थातच खेळत नाही. आपण वाचता, आणि वाचन हा खेळ नव्हे. तेव्हा वर ‘बगळा’ किती वेळा आला, हे मोजायला आपण मागे जाणार नाही, याची खात्री आहे. पण ही पाटी समजा. आकडा मांडून पुढच्या घरी द्यावी, कृपया लवकर. कचऱ्याचा वार बदललेला असू शकतो. शेजाऱ्याने किती मांडलेत, हे सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. फक्त एवढंच, की त्यांचा एक जास्त आहे.